मल्लेश्वरमची अक्का

इंटरनेटवर तुमचं नाव वर आणून देतो म्हणणाऱ्यांचे फोन मला अजून येतात. बोलणारा गोड बोलतो, मॅडम मॅडम करतो, आणि कुणी वाईटसाईट लिहिलं असेल तर तेही खाली ढकलून देतो म्हणतो. मी विचारते, ढकलणार म्हणजे ते जाणार कुठे? तो म्हणतो, जाणार नाही मॅडम, फक्त दिसणार नाही. मग मी फोन ठेवते. न दिसणारी गोष्ट काय काय करू शकते ते मी नव्वदच्या दशकातच बघून बसले आहे, आणि ते मला दाखवणारा बाहेरचा कुणी नव्हता.

आमचं घराणं शिंप्याचं. पूर्वज कुठल्याशा फौजेचे तंबू शिवत दक्षिणेत उतरले आणि इथलेच होऊन गेले, असं वडील सांगायचे. तंबूचं खरं की गिऱ्हाइकाला गुंगवायला रचलेलं, देव जाणे. आमच्या मराठीत निम्मी कानडी आहे आणि पुण्याहून आलेले पाहुणे ती ऐकून गालातल्या गालात हसतात. हसू देत. लेकीच्या लग्नाची नऊवारी शिवायची वेळ आली की तेच पाहुणे माझ्या पुढच्या खोलीत चपला काढायचे.

वडील कोट-पँट शिवायचे. त्यांच्यामागे मी मल्लेश्वरमच्या आमच्या घरात नुसत्या नऊवाऱ्या शिवायला घेतल्या. बंगळूरच्या मराठी मुलींना तोवर नऊवारी नेसता येईनाशी झाली होती, आणि लग्नात तर ती हवीच होती. शिवलेल्या नऊवारीचा सगळा जीव कासोट्यात. निऱ्या पुढे दिसतात, पदर मिरवतो, पण मागचा कासोटा बसला नाही तर नवरीचं अर्धं लक्ष विधीत आणि अर्धं पाठीमागे. म्हणून फिटिंगला आलेल्या मुलीला मी आरशासमोर उभीच करत नसे. आधी पाटावर मांडी घालून बसवायची, हात न टेकता उठवायची, वाकून नमस्कार करायला लावायची आणि मग कापायच्या टेबलाभोवती चालवायची. मुली वैतागायच्या. "अक्का, पुरे की आता," म्हणायच्या. मी म्हणायचे, "इथं वैताग, मांडवात नको."

माझ्या दाराला पाटी नव्हती. आमच्याकडे एक रीत होती, कुणी सुरू केली ठाऊक नाही. लग्न झालं की मुलगी त्याच नऊवारीत माझ्याकडे ओटी भरून घ्यायला यायची, आणि येताना जिचं लग्न ठरलं आहे अशी दुसरी मुलगी बरोबर आणायची. मैत्रीण, चुलतबहीण, नणंद, कुणी का असेना. मी पहिलीची ओटी भरायची आणि दुसरीची मापं घ्यायची. ती दुसरी माझ्या शब्दावर आलेली नसायची. समोर नेसून उभी असलेल्या बाईवर तिचा विश्वास असायचा. एवढी साधी गोष्ट कॉम्प्युटरला समजायला पुढे बरीच वर्षं जावी लागली म्हणे. तेव्हाची सर्च इंजिनं नुसते शब्द मोजायची, कोण कुणाची खात्री देतंय ते बघायची नाहीत. जो जास्त वेळा ओरडेल तो पुढे.

आता मला अक्का का म्हणायचे ते सांगते. मी काही सगळ्या गावात थोरली नव्हते. माझा मामेभाऊ बेळगावकडून इंजिनिअरिंग शिकायला आला आणि आमच्याच घरी राहिला. त्याला सख्खी बहीण नव्हती आणि मला भाऊ नव्हता. आल्या दिवसापासून तो मला अक्का म्हणायला लागला, आणि तेही हळू नाही. मी मागे स्वयंपाकघरात असले आणि पुढे कुणी आलं की हा पुस्तकातून मान वर न करता हाक द्यायचा, "अक्काऽ, बाई आल्यात बघ." आलेल्या बाईला माझं नाव माहीत नसायचं, ती मग तीच हाक उचलायची. बघता बघता मी गावाची अक्का झाले. पार गावाबाहेरच्या येलहंक्याच्या बायकासुद्धा रिक्षावाल्याला "मल्लेश्वरमच्या अक्कांकडे" सांगून उतरायच्या. माझं पाळण्यातलं नाव रेशनकार्डापुरतं उरलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटायचं.

तो शिकला, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागला, कंपनीच्या बसनं जायला-यायला लागला. त्याचं लग्न ठरलं तेव्हा नवरीची नऊवारी दुसरं कोण शिवणार? हिरवीगार, लाल काठाची. मी इतक्या नऊवाऱ्या शिवल्या, पण हाताला तशी माया दुसऱ्या कुठल्याच कापडाशी लागली नाही.

त्या लग्नात जे झालं ते आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. मांडवात गरम होत होतं. नवरीला कंबर आवळल्यासारखी वाटली म्हणून तिनं खोलीत जाऊन आतले हुक काढून टाकले आणि वरून पट्टा बांधला. कुणाला विचारलं नाही. सप्तपदीला उठली आणि कासोटा मागून सुटला. तिचा चेहरा उतरला तसं माझ्या लक्षात आलं. शिंप्याच्या घरची बाई लग्नाला जाते तेव्हा ओवलेली सुई पदराच्या आत टोचलेली असतेच. मी पुढे झाले, भटजींना म्हटलं, "स्वल्प थांबा, गाठ सैल झालीय," आणि तिच्या शेल्याच्या आडून मागचे टाके घातले. नवरा उपरण्याच्या गाठीनं तिला बांधलेला, तो कुठे जाणार? मान खाली घालून शेजारी उभा राहिला. हुक काढलेले मला हाताला लागले होते. मी तिला कधी विचारलं नाही आणि बाहेर कधी बोलले नाही. नव्या सुनेचं सासरच्या माणसांत पहिल्याच दिवशी हसं व्हायला नको, एवढंच डोक्यात होतं. लोकांना मी गाठीचंच सांगितलं.

पुढे ती शनिवारी माझ्याकडे शिवण शिकायला यायला लागली. नोकरी नव्हती, भाड्याच्या फ्लॅटमध्ये दिवस जात नाही म्हणायची. मी हातचं राखून शिकवत नाही. कासोट्याचं कापड कसं बेतायचं, काठ मध्यावर कसा आणायचा, सगळं तिच्या हातात हात धरून दाखवलं. ती हुशार होती. मला अभिमान वाटायचा.

एकदा रविवारी त्यानं मला त्यांच्या फ्लॅटवर जेवायला बोलावलं आणि कॉम्प्युटरसमोर बसवलं. त्यानं माझं वेबपेज केलं होतं. वर इंग्रजीत मल्लेश्वरमची अक्का, खाली माझ्या नऊवाऱ्यांचे फोटो. मला खरंच भरून आलं. मग तो म्हणाला, "आता गंमत बघ की अक्का." त्यानं माऊस दाबून पानाच्या तळाशी, जिथं काहीच नव्हतं तिथं, ओढत नेला. निळ्या पट्ट्यात अक्षरं उमटली. नऊवारी, कासोटा, मराठी लग्न, नवरी, बंगळूर, परत नऊवारी, परत कासोटा, ओळीच्या ओळी. पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत.

"हे कुणासाठी?"

"माणसांसाठी नाही. सर्च इंजिन वाचतं. त्याला वाटतं इथं लई माल आहे, ते तुला वर आणतं."

मी वाकून वाचत गेले तर मधेच पुण्यातल्या एका दुकानाचं नाव, दादरच्या दुसऱ्या एका दुकानाचं. विचारलं, हे काय? तो म्हणाला, त्यांना शोधणारी गिऱ्हाइकंही आपल्याकडे येतील. शिवाय पाहुण्यांच्या अभिप्रायाचं एक पान होतं, त्यावर न्यू जर्सीच्या कुणा नवरीनं माझी तोंड फाटेस्तोवर स्तुती केलेली. न्यू जर्सीची एकही नवरी तोवर माझ्या दारात आलेली नव्हती.

मी म्हटलं, "दुसऱ्यांची नावं काढ. ही स्तुतीही काढ. माझे शब्द राहू देत."

"अक्का, कुणाला दिसतंय काय?"

"मला दिसलं की."

तो हसला. "सरी, सरी, काढतो," म्हणाला, आणि माझ्यासमोरच काढलं. वर म्हणाला, तू लई जुन्या वळणाची. मी ते कौतुक म्हणून घेतलं. त्याची बायको तेव्हा मागे चहाचे कप घेऊन उभी होती, तीही हसली.

पेज चाललं. परदेशात नोकरी करणाऱ्या, लग्नापुरत्या गावी येणाऱ्या मुली ई-मेल करायच्या. तो ते छापून शनिवारी बायकोबरोबर पाठवायचा आणि मी मापं वाचत बसायची. ज्या मुलीला पाटावर बसवलेलं नाही तिचं कापड कापताना माझा हात अडखळायचा. म्हणून मी कळवून टाकलं, लग्नाआधी येऊन फिटिंग दिल्याशिवाय साडी मिळणार नाही. तो म्हणाला, असं केलंस तर गिऱ्हाईक जाईल. गिऱ्हाईक गेलं नाही. विमानतळावरून थेट माझ्याकडे येणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत.

मग हळूहळू ई-मेल कमी झाले. तो म्हणाला, सीझन डल आहे अक्का. बायकोचं शनिवारी येणं थांबलं, तब्येत बरी नसते म्हणाला. मला वाटलं, गोड बातमी असेल, म्हणून मी डिंकाचे लाडू करून पाठवले. डबा परत आला, बातमी काही आली नाही.

त्या वर्षी आमच्याच रस्त्यावरची एक बाई आली. तिच्या थोरलीची नऊवारी मीच शिवली होती, आणि धाकटीचं कापड माझ्याकडे येऊन पडलं होतं. ती बसेना. उभ्या उभ्याच म्हणाली, "अक्का, कापड परत द्याल काय?"

मी विचारलं, लग्न मोडलं काय? नाही म्हणाली. तिच्या होणाऱ्या जावयाकडची माणसं अमेरिकेत असतात, त्यांनी इंटरनेटवर माझ्याबद्दल काहीतरी वाचलं होतं. एका नवरीचा म्हणे मांडवात फजितवाडा झाला.

"थोरलीचा झाला होता काय?" मी म्हटलं.

"छे हो. तिची तर अजून कपाटात आहे, जपून ठेवलीय तिनं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "पण तिकडची माणसं लेखी आहे म्हणतात. मी काय करू?"

मी कापड घडी करून दिलं. स्वतःच्या पोरीच्या अंगावर बघितलेलं खोटं, आणि कधी न बघितलेल्या माणसानं लिहिलेलं खरं. त्या दिवशी मी पहिल्यांदा इंटरनेटला घाबरले.

दुसऱ्या दिवशी मी बाजाराच्या रस्त्यावरच्या सायबर कॅफेत गेले. तिथल्या पोरीला सांगितलं, अक्का, नऊवारी, बंगळूर, एवढं शोधून दे. मोडेम किंचाळलं, पान उघडलं. माझं पेज पहिलं असायचं. ते कुठेच नव्हतं. पहिलं होतं ते 'बंगळूरची अक्का' नावाचं. दुसरं होतं लग्नाच्या दुकानांबद्दल लोक आपली मतं लिहितात असलं एक पान.

मी आधी ते दुसरं उघडायला लावलं. पोरीनं वाचून दाखवलं. लिहिणारी आपलं नाव नवरी एवढंच सांगत होती. मल्लेश्वरमच्या अक्कांची नऊवारी नेसले होते, ऐन सप्तपदीत कासोटा सुटला, भटजींना थांबवून शेल्याच्या आडून मागचे टाके घालावे लागले, माझ्यासारखी फसू नका.

शेल्याच्या आडून. भटजींना दिसलं नव्हतं, सासूला दिसलं नव्हतं, समोर बसलेल्या सगळ्या मांडवाला दिसलं नव्हतं. ते टाके पाहणारी माणसं दोनच होती, आणि ती दोघं एकमेकांना बांधलेली होती.

मग पहिलं पान. फोटोत त्याची बायको, माझ्याकडे शिकून शिवलेली नऊवारी नेसून. खाली लिहिलं होतं, जुन्या मराठी घराण्यातली, पिढ्यान्‌पिढ्यांचं शिवणकाम करणारी, सगळ्यांची लाडकी अक्का. मी पोरीकडून माऊस घेतला. आम्ही शिंपी कुठलाही कपडा आधी उलटा करून बघतो. पानाच्या तळाशी मोकळी जागा होती, तिथं दाबून ओढला. मल्लेश्वरमची अक्का. मल्लेश्वरमची अक्का. मल्लेश्वरमची अक्का. पुण्याच्या आणि दादरच्या दुकानांची नावं मी जिथून काढायला लावली होती, अगदी तशाच जागी माझं नाव बसवलं होतं, पांढऱ्यावर पांढरं. पोरगी म्हणाली, "अक्का, हे तुमचंच पेज काय?" मला तिथं, त्या खुर्चीवर, रडू आलं.

रविवारी मी बस धरून त्यांच्याकडे गेले. दार त्यानंच उघडलं. "अक्का, तू? फोन करायचास की, न्यायला आलो असतो." इतकं नेहमीसारखं म्हणाला की क्षणभर मलाच वाटलं, आपण चुकलो असू.

मी बसले नाही. म्हटलं, मी सगळं बघून आले.

तो गोंधळला, पण फार नाही. म्हणाला, तुझं पेज मी काढलेलं नाही, आहे की, फक्त खाली गेलंय. म्हणाला, लोक अक्का म्हणून शोधत येतात, तू फिटिंगचा हट्ट धरून निम्म्यांना परत लावून देतेस, ते दुसऱ्याच्या दारात जाण्यापेक्षा आपल्याच घरात आलेले काय वाईट? म्हणाला, इथं सगळे असंच करतात, हे मनाला लावून घ्यायचं नसतं. अगदी लहान मुलाला समजावल्यासारखं समजावत होता.

"आणि कासोटा?" मी विचारलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात होती. ती म्हणाली, "ते मी नाही लिहिलं, अक्का." आणि त्याच्याकडे बघितलं.

तो म्हणाला, "त्यात खोटं काय आहे? सुटला होताच की."

सुटला होता, हे खरं. हुक कुणी काढले, हेही खरं होतं, आणि ते माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. तिला समोर उभं करून विचारता आलं असतं. तिची नजर माझ्या तोंडावर होती. तिला कळलं होतं की मला पहिल्यापासून ठाऊक आहे. इतकी वर्षं जे झाकलं ते आता उघडं करून मला काय मिळणार होतं? मी गिळलं. पण माझा राग मला गिळता आला नाही.

"एक सांग," मी त्याला म्हटलं. "आयुष्यात बरेच नवरे बघितले. बायकोला अक्का म्हणून गावभर मिरवणारा तू पहिलाच. बेळगावला मामींना सांगू काय, तुमच्या लेकानं थोरल्या बहिणीशीच लग्न लावलंय म्हणून?"

बायको आत निघून गेली. तो कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं होतं, आता तरी मान खाली घालेल, मांडवात घातली होती तशी. त्यानं मान वर केली.

"अक्का हे नाव तुला दिलं कुणी?" तो म्हणाला. "मीच की. माझ्याआधी तुला कोण अक्का म्हणत होतं?"

मी जिना उतरून बसस्टॉपवर आले आणि पहिली बस माझ्यासमोरून गेली तरी मला चढायचं सुचलं नाही.

धंदा बुडाला नाही. परदेशातल्या मुली गेल्या, पण ओटी भरून घ्यायला येणाऱ्या येत राहिल्या आणि येताना पुढचीला आणत राहिल्या. आमच्या रस्त्यावरच्या त्या धाकटीनं लग्नानंतर वर्षभरानं स्वतःच्या नणंदेला मापं द्यायला आणलं, तेव्हा तिच्या आईनं डोळे पुसले. मी मात्र पुसले नाहीत. मला ज्याचं दुःख होतं ते परत येण्यातलं नव्हतं. बेळगावला मी कुणाला काही कळवलं नाही. माझ्या धमकीत दम नव्हता, आणि ते त्यालाही माहीत असणार. महिन्याभरात त्याच्या पेजवरचं अक्का गेलं आणि दुसरंच काही नाव आलं, असं कुणीतरी सांगितलं. लाजेनं काढलं की त्या नावानं गिऱ्हाईक येईना म्हणून, ते विचारायला मी गेले नाही.

पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्या मामांकडच्या मामेबहिणीच्या मुलाची मुंज होती. सगळा गोतावळा जमला होता. बायका "अक्का इकडे, अक्का तिकडे" करत होत्या, कुणाची निरी सुटली, कुणाच्या परकराचा नाडा तुटला, मी सुई घेऊन फिरत होते. भटजीसुद्धा अक्का म्हणत होते. पंगत उठल्यावर तो समोरून आला. मधे मोठा खांब होता, टाळता आलं असतं, पण त्यानं टाळलं नाही. माझ्यासमोर येऊन थांबला, आणि काही म्हणायला तोंड उघडून तसाच राहिला. ज्या हाकेनं तो मला आमच्या घरी आल्या दिवसापासून बोलावत आला होता, ती त्याच्या तोंडातून बाहेर पडेना. मी वाट बघत उभी राहिले. खरं सांगते, तेवढं एकदा म्हणाला असता तर मी सगळं सोडून दिलं असतं.

तो म्हणाला, "जेवलात का तुम्ही?"

मी म्हटलं, "हो, जेवले."